आजींचे चार आणे

नर्सिंगच्या शाळेत आमचा पहिला पेशंट म्हणजे एक रबरी पुतळा. त्याचा डावा हात अधूनमधून खांद्यातून निखळायचा, पण तक्रार म्हणून नाही. कूस बदला, अंग पुसा, बँडेज चुकीचं बांधा, सगळं निमूट. अशा गुणी पेशंटवर हात बसल्यावर मला शहापूरहून मुरबाडकडच्या एका छोट्या रुग्णालयात वॉर्डवर पाठवलं, तेव्हा मी स्वतःला अर्धीअधिक सिस्टर समजत होते. निघताना मॅडमनी नेहमीचं सांगितलं, "आधी बघा, मग विचारा, मग हात लावा. लिहायचं सगळ्यात शेवटी." पण मी पडले धावत लोकल पकडणाऱ्या वाशिंदची. आमच्याकडच्या माणसाला सावकाश कर म्हणून सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

वॉर्डात खिडकीपाशी एक आजी होत्या, वैशाखरे गावाकडच्या. भातकापणीत पायात धसकट घुसलेलं, ते घरीच उपटून त्यावर हळद-तेल लावलेलं, आणि आता पाऊल तव्यावरच्या भाकरीसारखं फुगलेलं. पायापेक्षा त्यांचं तोंड जास्त चालायचं. चहा पाणचट, पंखा कुरकुरतो, सून हळू चालते, आणि शेजारच्या खाटेवरची बाई झोपेत घोरते ती मुद्दाम. "खल्यावर भात पडलाय झोडायचा, नि मी हिकडं पंख्याखाली राणीवाणी," हे तर दिवसातून कितीदा व्हायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी लाज काढली. श्वास मोजायचे तर पेशंटला सांगायचं नाही, नाहीतर तो श्वासाचं सोंग करतो, असं आम्हाला शिकवलेलं. म्हणून नाडी धरल्याचं दाखवायचं आणि गुपचूप छातीकडे बघत मोजायचं. मी तसं करत होते तोच आजी कडाडल्या, "काय गो, धरलास हात नि बघतेस कुठं?" अख्खा वॉर्ड हसला. माझा आकडा चुकला. पुन्हा मोजायला घेतलं तर आजी भजनात सूर लावल्यासारखे लांब लांब श्वास घ्यायला लागल्या.

मग आली दुखण्याची पाळी. आमच्याकडे त्यासाठी एक तक्ता असतो. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. शेजारी गोल चेहऱ्यांची रांग, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. मी विचारलं, "आजी, यातला तुमचा चेहरा कुठला?" त्यांनी तक्ता डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि शेवटच्या रडक्यावर बोट ठेवलं. मी घाबरून म्हटलं, "एवढं दुखतंय?" तर म्हणाल्या, "नाय गो, ह्यो आमचा जावई दिसतो."

आकड्यांचंही तेच. शेवटी दुसऱ्या दिवशी त्यांनीच तोडगा काढला. मी विचारलं, "आज कसंय?" त्या म्हणाल्या, "आठ आणे." मला हर्ष झाला. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे आठ आणे निम्मे, म्हणजे दहात पाच! मी लगेच कागदावर पाच लिहिलं. पुढच्या दिवशी आजी म्हणाल्या, "सहा." मी चार लिहिलं. त्याच्या पुढच्या दिवशी, "चार आणे." त्याचे अडीच होतात, पण अर्ध्याला जागा नव्हती, म्हणून उदार मनाने तीन. डॉक्टरांनी कागद बघितला, उतरती रेघ बघितली आणि म्हणाले, "छान. उद्या सोडू या." सुनेने पिशवी भरायला घेतली. मी तर अशी मिरवत होते की जणू पाय मीच बरा केला.

पण एक गोष्ट मला टोचत होती. सकाळचा चहा आजींच्या उशाशी तसाच होता. त्यावर साय धरली होती आणि आजींनी चहावाल्याला एक शब्द ऐकवला नव्हता. घरी जायची बातमी कळूनही खळ्याचं नाव नाही. शेजारीण मस्त घोरत होती, तिलाही माफी. पाय चादरीखाली, डोळे छताला. पुतळा असाच पडलेला असायचा. मला एकदम कसंतरीच वाटलं.

मी खाटेच्या कडेला बसले. "आजी, चार आणे म्हणजे कमी झालंय ना?"

"कमीच झालाय तर!" त्या पुटपुटल्या. "परवा आठ आणे फरक व्हता, काल सहा, आज चारच राह्यलाय."

फरक! बाई दुखणं सांगतच नव्हती. ती बरं वाटणं सांगत होती, आणि ते रोज घटत होतं. मी उतरती रेघ काढत होते आणि पाय चढत होता. चादर सारली. बँडेजच्या वर घोट्याच्याही पलीकडे लाली गेली होती. हात लावला तर तव्यासारखं गरम. ताप सकाळच्या गोळीने दबून बसलेला, म्हणून थर्मामीटरनेही चुगली केली नव्हती. मी डॉक्टरांकडे अक्षरशः पळत गेले आणि धापा टाकत म्हणाले, "सर, त्यांचे चार आणे उलटे आहेत!"

डॉक्टरांनी मला आधी वेड्यात काढलं, मग पाय बघितला आणि हातमोजे मागवले. आत खोलवर पू साठला होता, धसकटाचा एक तुकडाही निघाला. औषधं बदलली. नंतर सुनेला म्हणाले, "घरी नेलं असतं तर पाय वाचला असता की नाही सांगता येत नाही." सून पिशवी छातीशी धरून रडली. मीही न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं. त्या पायाने ती बाई एवढ्या पावसाळ्यांत चिखलात उभी राहिली होती, आणि मी त्याचे अडीचाचे तीन करत बसले होते.

दोन-तीन दिवसांनी वॉर्डात आवाज घुमला, "ह्यो चा हाय का भांडी विसळल्याला पाणी?" मला एवढा आनंद रिझल्टच्या दिवशीही झाला नव्हता.

घरी जायच्या दिवशी आजी स्वतः चालत दारापर्यंत आल्या. मी आता शहाणी झाले होते. नीट विचारलं, "फरक किती?"

"चौदा आणे."

"आणि दोन कुठे दुखतात? दाखवा बघू."

त्यांनी सून लांब आहे ना ते बघितलं आणि माझा हात धरून जवळ ओढलं. "दुखत काय नाय. पन दोन आणे हाती ठेवायचे. पुरा रुपाया झाला म्हनून सांगितला ना, मंग कोन इचारत नाय गो."

मी पेन खिशात ठेवलं. या दोन आण्यांना कागदावर जागाच नव्हती.

आता मी शहापूरलाच नोकरी करते. तिकडचं कुणी ना कुणी दवाखान्यात येतं आणि हमखास निरोप आणतं, "आजी सांगते, अजून चौदाच हायेत." मीही त्यांच्याच हाती उलट निरोप धाडते, की सुट्टी मिळाली की येते विचारायला, तोवर ते दोन आणे खर्चू नका.