राजेश्वरीने काढलेलं सोमकूट

राजेश्वरी न पाहिलेल्या मुलखाचे नकाशे लहानपणापासून काढते, आणि ती सवय तिला उसानं लावली. तिचे आईवडील, चांगुणाबाई आणि अजिनाथ, दिवाळी झाली की ऊसतोडीला निघायचे ते उन्हाळा तापल्यावरच परत यायचे. पोर गावातच आत्याजवळ, कडूबाईजवळ राहायची. आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं, कोरडं ठणठणीत. संध्याकाळी अजिनाथचा फोन आला की ही वही-पेन्सिल घेऊन तयार. कालवा कुठं, कारखान्याची चिमणी कोणत्या हाताला, रस्ता कुठून वळतो, सगळं बापाकडून काढून घ्यायची आणि कागदावर मांडायची. मग आत्याला बोट ठेवून दाखवायची, "आई आत्ता इथं भाकरी थापत आसंल."

माझं बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. तिचे नकाशे स्कॅन करून पाठवायचं काम माझ्याकडे, म्हणून हे सगळं मला माहीत. "नसलेल्या गावाचा नकाशा काढून काय मिळतं हिला?" असं विचारणारे गावात पुष्कळ आहेत. अशांना मी झेरॉक्स खराब काढून देतो.

पाथर्डीला कॉलेजात असताना मोबाईलवर तिची नगरच्या काही पोरांशी ओळख झाली. फासे टाकायचे आणि राजा, चेटकीण, चोर अशी सोंगं घेऊन तासन्‌तास खेळायचं, असा त्यांचा खेळ. त्यांच्या राज्यांना नकाशे लागत. ही काढून देऊ लागली. त्यातल्याच सुनीलनं पुढे एक कादंबरी लिहिली, सोमकूट नावाच्या जादूच्या राज्याची, आणि नकाशा राजेश्वरीला मागितला. तिचं काम पहिल्यांदाच पुस्तकात छापून येणार होतं. महिनाभर पोरीला दुसरं काही सुचत नव्हतं.

नकाशा झाला, मी स्कॅन करून पाठवला. दुसऱ्या दिवशी ती दुकानात असतानाच सुनीलचा फोन आला.

"राजेश्वरी, अगं राजधानीचा बाजार तू नदीच्या पात्रात भरवलास? आणि हमरस्तासुद्धा पात्रातूनच नेलास? माझी नदी बारमाही आहे. सगळं वाहून जाईल ना!"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. आमच्या गावचा आठवडे बाजार नदीतच भरतो. पावसाळ्यातले थोडे दिवस सोडले तर नदी म्हणजे वाळू, आणि पलीकडच्या वाडीचा रस्ताही त्या वाळूतूनच जातो. नदी म्हटलं की आम्हाला मेथीच्या जुड्या आणि बांगड्यांची दुकानं आठवतात. मीही तो नकाशा निरखून पाहिला होता, आणि मला तर तो अगदी बिनचूक वाटला होता!

"पुस्तक सोमवारी छापायला जातंय," सुनील म्हणाला. "तुला जमत नसेल तर पुण्यात एक जण आहे, त्याला विचारतो."

मला असा राग आला की फोन हिसकावून दोन शब्द सुनवावेत. पण चूक आमचीच होती, करता काय! राजेश्वरी कसंबसं "जमेल मला" म्हणाली आणि फोन ठेवल्यावर स्टुलावर बसून राहिली.

"काका, भरलेली नदी उन्हाळ्यात कवा बघितलीच न्हाई मी. काठाला गाव कसं बसतं, कसं कळावं? आता हे पुस्तक गेलं हातातनं."

तिचे डोळे भरले होते. मी कॉम्प्युटरवर नद्यांचे फोटो दाखवले. घाट दिसले, देवळं दिसली, पण कशाच्या शेजारी काय, ते त्यातून समजेना. तेवढ्यात रोजच्यासारखा अजिनाथचा फोन आला. त्या साली त्यांची टोळी सांगलीकडे, कृष्णाकाठी होती.

"आप्पा, तिथं नदीला पानी हाय का?" तिनं एकदम विचारलं.

"लई हाय की. आत्ताच हातपाय धुऊन आलो."

"मंग परत जा ना. मला समदं सांगा."

दिवसभर ऊस तोडून, मोळ्या वाहून आलेला माणूस तो. पण 'कशाला' म्हणून विचारलं नाही, निघाला. इकडे हिनं फोन स्पीकरवर टाकला आणि कोरा कागद काउंटरवर पसरला.

"बाजार वर हाय, चढाला. पुराचं पानी खाली येतं म्हनून तिथं कुनी घर बांदत न्हाई. वरच्या अंगाला प्यायाचं पानी भरत्यात, खाली धुनी, त्याच्याबी खाली म्हशी. पल्याड जायला नाव हाय, झाडाला बांदलीया."

मागून चांगुणाबाईंचा आवाज आला, "तिला सांगा, सांजच्याला बाया पान्यात दिवं सोडत्यात!"

राजेश्वरीची पेन्सिल थांबत नव्हती. एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी हातानंच गप्प बसवलं.

नवा नकाशा पाहून सुनीलनं पुण्याचं नाव पुन्हा काढलं नाही. पुस्तक आलं तेव्हा नकाशाखाली 'राजेश्वरी आणि अजिनाथ' अशी दोन्ही नावं होती. तिनं तसा हट्टच धरला होता.

हंगाम संपून टोळी परतली, तेव्हा ती आईबापाला घेऊन दुकानात आली आणि पुस्तक उघडून समोर ठेवलं. चांगुणाबाईंनी पाण्यातले दिवे शोधले. अजिनाथनं नदीवरून सावकाश बोट फिरवलं. झाडाला बांधलेली नाव सापडली, म्हशी सापडल्या, तेव्हा हसला.

"समदं बराबर हाय," तो म्हणाला. "पर इथली मान्सं ऊस तोडाया कुठं जात्यात?"

"न्हाई जात, आप्पा. या राज्यात ऊसच न्हाई. घर सोडून कुनीच कुठं जात न्हाई."

अजिनाथनं नकाशावरचं बोट उचललं. मग बायकोकडे वळून म्हणाला, "ऐकलं का? लई चांगलं राज्य काढलंय पोरीनं."