द्रौपदाबाईंच्या कोळशाच्या रेघा

१ मार्च २०२४ रोजी ४१,३६० रुपये देऊन आमच्या गावाने फिल्टरमध्ये अ‍ॅल्युमिनाचे नवे पांढरे मणी भरले. बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड हे मणी धरून ठेवतात. नव्वद हजार लिटर पाणी गेलं की ते कॉस्टिक सोड्याने धुवायचे, नाहीतर फ्लोराइड सरळ हंड्यात उतरतं. पाणी समितीचा खजिनदार मी. देवपूरच्या एका कॉलेजात हेड क्लार्क होतो, बी.कॉम. रोजचे हजार लिटर धरून भागाकार केला आणि ‘धुणे : ३० मे’ असं लाल शाईने लिहून टाकलं.

फिल्टरच्या नळावर पाणी द्यायला द्रौपदाबाई बसतात. शाळा दुसरीपर्यंत. या बोअरच्या पाण्याने त्यांच्या मुलाचे, प्रेमराजचे दात तपकिरी झाले. लग्नाच्या फोटोतही त्याने तोंड मिटलेलं आहे. त्याची मुलगी मृणाली सहा वर्षांची. तिचे पक्के दात आता येताहेत. बाई उन्हात बसतात त्या तिच्यासाठी.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली आणि १२ मेला बाईंनी नळ बंद केला. मी तरातरा गेलो.

“अक्का, अठरा दिवस बाकी आहेत!”

“भाऊ, बठ्ठ्या लेकी माहेरले उन्यात, पोरेसोरे उनात. पानी डबल जाई राह्यनं. तुमना कागदले काय माहीत?”

टाकीमागच्या भिंतीवर त्यांनी वीस लिटरच्या दर जारमागे कोळशाची रेघ ओढली होती. मी त्या मोजल्या नाहीत. भिंत खराब केली म्हणून बोललो आणि चारचौघांत नळ सुरू केला. मला फार बरं वाटलं.

बाईंनी माझ्यादेखत त्याच नळाची बाटली भरली आणि पाणी तपासून घ्यायला धुळ्याची एसटी धरली. मृणालीला तोवर शेजारच्या गावाहून पाणी आणलं.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. फ्लोराइडची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम, आमचं पाणी सव्वादोन. मग मी रेघा मोजल्या. १२ मेपर्यंतचाच हिशेब एक्क्याण्णव हजार लिटरवर गेला. आखाजीला लेकी माहेरी येतात हे मला साठाव्या वर्षी भिंतीवरून कळलं. माझीही आली होती. दोन दिवस तेच पाणी प्यायली.

नळ मीच बंद केला. “आते मन्या रेघा पुसशात का, भाऊ?” बाई म्हणाल्या. बायका हसल्या. मी मणी धुवायला घेतले.

बाईंचं एसटीचं तिकीट हरवलं, त्यामुळे व्हाउचर झालं नाही. त्यांचे सत्तर रुपये अजून द्यायचे आहेत.