गेल्या वर्षीचं पाणी

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील नांदेडच्या सभांना जायचे आणि परत येताना खिशात घडी घातलेली गुलाबी, पिवळी पत्रकं आणायचे. आई ती खळीनं भिंतीला चिकटवायची. मी अक्षरं त्या भिंतीवर शिकले. पुढं नांदेडलाच कॉलेजात गेले, पण मागणीशिवाय संपणारं वाक्य मला आजही अर्धवट वाटतं.

मी कॉलेजात असताना दुष्काळ पडला, तेव्हा लातूर जिल्हा नवा होता. आमचं गाव अहमदपूरच्या बाजूचं. आम्ही जागचे हललो नव्हतो, तरी आमचा जिल्हा बदलला होता. मी सुट्टीला घरी आले तेव्हा उन्हात सगळं पाण्यासारखं हलत होतं. रस्ता हलायचा, बाभळी हलायच्या, दूरचा माणूस चालता चालता विरघळायचा. खरं पाणी मात्र एकाच ठिकाणी उरलं होतं, गावच्या बारवेत. दगडी पायऱ्या थेट पाण्यापर्यंत जायच्या. बाया शेवटच्या पायरीवर उभ्या राहून, घोट्याएवढ्या पाण्यात, घागरी भरायच्या.

त्या पायऱ्या आमच्या लोकांना फुकट मिळाल्या नव्हत्या. माझ्या जन्माआधी आमच्या गल्लीच्या बाया वर उभ्या राहायच्या आणि कुणाला दया आली तर खालून घागर भरून मिळायची. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतरच्या एका सकाळी माझी आत्या कुणाला न विचारता खाली उतरली. गावात दगडफेक झाली, बोलणी झाली, आणि मग त्या पायऱ्या सगळ्यांच्या झाल्या. आत्या रोज सकाळी उतरायची. घरी पाणी असलं तरी उतरायची.

आदल्या वर्षी ती काही गाववाल्यांबरोबर बिदरच्या पुढं खडी फोडायला गेली होती. पावसाळ्याच्या तोंडाला ती एकटी परतली, बाकीचे तिकडंच राहिले. आता वर्षभरानं तिच्या घोट्यावर फोड आला होता. पाय आतून भाजतोय म्हणायची. पाण्यात ठेवला की तेवढं बरं वाटतं म्हणायची.

एका रविवारी नव्या जिल्ह्याची आरोग्याची जीप आली. तिच्यातून उतरलेला डॉक्टर तरुण होता, धुळीनं भुरा झालेला. त्यानं आत्याचा पाय मांडीवर घेतला.

"मावशी, गेल्या उन्हाळ्यात कुठं होतात?"

"कानडी मुलखात. खडीवर."

"पाणी कुठलं प्यायचात?"

"हितल्यावानीच पायऱ्यांची हीर व्हती. लई गोड पानी, बाबा."

"तेच आता पायातून निघून राहिलंय," तो म्हणाला. "नारू हाय."

त्यानं समजावलं ते मला एखाद्या स्वप्नासारखं आठवतं. तिकडच्या पाण्यातून दिसणारसुद्धा नाही असं काही पोटात जातं. ते वर्षभर अंगात दोऱ्यासारखं वाढतं, मग पायाशी येऊन फोड करतं. फोड फुटला आणि पाय पाण्यात गेला की तो नारू त्या पाण्यात आपली पिलं सोडतो. ते पाणी जो पिईल त्याच्या पायातून पुढच्या वर्षी दोरा निघेल. म्हणजे आत्या घोट्यात परक्या मुलखातलं गेल्या वर्षीचं पाणी घेऊन बसली होती, आणि ते आमच्या बारवेत सांडायला एक फुटका फोड पुरे होता.

"आज-उद्या फुटंल," डॉक्टर म्हणाला. "पाय पाण्यात घालायचा न्हाई. कुणीच उतरू नका, वरून दोरीनं काढा, फडक्यानं गाळून प्या."

संध्याकाळी चावडीवर गाव जमलं. आमचे सरपंच तेलबियांचे व्यापारी, महादेवाचे भक्त. बोलणं मऊ.

"आपल्या गावात ह्ये नव्हतं," ते म्हणाले. "भायरून आलंय. तवा तुमच्या गल्लीनं तेवढं उतरू नये. बाकीच्यांचे पाय चांगले हायत."

"म्हणजे परत वर उभं राहायचं?" मी विचारलं.

"आजारापायी म्हनतोय, पोरी. जातीनं न्हाई."

"आणि सोमवारचं?" मागून आत्याचा आवाज आला. सोमवारी पहाटे सरपंच स्वतः अनवाणी बारवेत उतरून पिंडीसाठी कळशी भरायचे.

"देवाचं पानी दोरीनं काढत न्हाईत, बाई. त्ये उतरूनच."

मी घरी येऊन पत्रक लिहायला बसले. डोकं तापलं होतं. पायऱ्या आमच्या हक्काच्या, असं पहिलं वाक्य लिहिलं आणि तिथंच अडकले. हे पत्रक खरं करायचं तर आत्यानं सकाळी उतरायला हवं. आणि ती उतरली तर पुढच्या वर्षी अख्खं गाव लंगडणार, आमची गल्ली सगळ्यात आधी. मी तिला उतर म्हणू शकत नव्हते आणि उतरू नको असंही माझ्या तोंडून निघत नव्हतं.

"काय लिवून राहिली गं?" तिनं विचारलं.

"तुझ्यावरचा अन्याय."

"मंग त्यात ह्ये बी लिव, का पाय लई भाजून राहिला."

"आत्या, तू उद्या जाणार?"

"जाणार की. न जाऊन कसं?"

सोमवारी मी तिच्या मागं मागं गेले. उजेड दुधासारखा होता. बारवेतून गारवा वर येत होता आणि तिचा पाय त्या गारव्याकडं आपोआप वळत होता. ती सगळ्यात वरच्या पायरीवर आडवी बसली. दुखरा पाय कोरड्या दगडावर लांब केला आणि वाट अडवली.

बाया घागरी घेऊन थबकल्या. "ए बाई, सरक की! झोप झाली न्हाई का घरी?"

"मी उतरत न्हाई," आत्या म्हणाली. "पन कुनीच उतरायचं न्हाई. माजा पाय न्हाई तर कुनाचाच न्हाई."

सरपंच कळशी घेऊन आले. अनवाणी. टाचांना भेगा.

"बाई, देवाचं हाय."

"नारूला देव ठावा न्हाई, मालक. तुमी बी ह्येच पानी पिता. उद्या तुमच्या टाचंतून निघाला तर कुनाला म्हनाल, भायरून आला?"

कुणीतरी फिसकन हसलं. सरपंचांनी खाली पाहिलं. खाली पाणी हिरवं, स्थिर, जणू तेही ऐकत होतं. मग त्यांनी एका बाईकडून दोर मागितला आणि कळशीच्या गळ्याला बांधू लागले. आयुष्यात कधी बांधला नसावा. कळशी भिंतीला आदळली आणि दोरातून सुटता सुटता राहिली.

"गाठ सैल हाय," आत्या म्हणाली. "आना हिकडं."

सरपंचांनी कळशी वर ओढली आणि तिच्या हातात दिली. तिनं गाठ आवळली. त्यांनी पाणी काढलं आणि देवळाकडं गेले. ते पाणी पिंडीवर पडलं की वाटेत ओतलं, मला माहीत नाही. मात्र त्या दिवशी कुणीही पायरी उतरलं नाही.

दुपारी घरी फोड फुटला. मी घमेल्यात पाणी घेतलं, आत्यानं पाय त्यात घातला आणि डोळे मिटले. पांढरा दोरा निघाला, आईनं तो काडीला गुंडाळला, रोज थोडा थोडा. घमेल्यातलं पाणी मी दूर तापलेल्या रानात ओतायची. ते टेकायच्या आत नाहीसं व्हायचं.

फोड खरंच त्या दुपारीच फुटला होता का, आधी कधी बारवेत थोडासा उकलला होता, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. पुढचा उन्हाळा आला तशी गावाची नजर खाली गेली. बाया दोर ओढता ओढता एकमेकींचे घोटे बघायच्या. सरपंच दुकानात बसून स्वतःच्या टाचा चाचपायचे. आत्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची, "दाव बरं पाय!" आणि लोक, आमच्या गल्लीचे आणि त्यांच्याही, थांबून तिला पाय दाखवायचे. एकाही पायातून दोरा निघाला नाही.