व्हर्लनचा मासा आणि ड्यूईचं तळं

अलाबामातल्या आमच्या गावात केस कापायचं दुकान एकच, व्हर्लन स्टिडमचं. माणूस गप्पिष्ट, पण मासे कुठे धरतो याबद्दल ताकास तूर लागू द्यायचा नाही. "कुठे मिळाला रे?" विचारलं की म्हणायचा, "पाण्यात." आमच्याकडे बाप लेकालासुद्धा आपलं तळं सांगत नाही, त्यामुळे त्यात काही वावगं नव्हतं. पण व्हर्लनने कहर केला होता. मोटार कब्रस्तानापाशी सोडून, गळाची काठी विजारीच्या पायात खुपसून तो शेतांमधून ताठ पायाने चालत जाई. त्याचा गुडघा गेलाय, अशीच गावाची समजूत होती.

तळं होतं मिस वीडांच्या घरामागे. या ऐंशीच्या विधवाबाई, चर्चच्या बुधवारच्या जेवणाच्या सर्वेसर्वा. त्यांनी व्हर्लनला परवानगी दिली ती एकाच अटीवर, दुसरा कुणी आवारात दिसता कामा नये.

फेब्रुवारी सरता सरता काठचं उथळ पाणी कोमट होतं आणि अंड्यांनी जड झालेल्या बास माशाच्या माद्या तिथे येतात. त्यातलीच एक व्हर्लनच्या गळाला लावलेल्या रबरी गांडुळाला भुलली. खिडकीतून झटापट पाहून मिस वीडा तराजू घेऊनच धावल्या. अकरा पौंड, म्हणजे पाच किलो! व्हर्लनला भरून आलं. त्याने ती गवतावर ठेवून फोटो काढला, तोही अशा बेताने, की काठ, झाड, मिस वीडांच्या सपाता, काही म्हणता काही दिसू नये. मग तिला अलगद पाण्यात सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात ड्यूई क्रंपने फोटो पाहिला. हा गावातला सगळ्यात मोठा बढाईखोर.

"मापाला शेजारी काही ठेवलं नाहीस होय? मला तर तळहाताएवढी वाटते."

"अकरा पौंड भरली."

"कुणी पाहिली?"

व्हर्लन कात्री पुसू लागला. मिस वीडांचं नाव सांगावं तर दिलेला शब्द मोडतो, तळंही जातं. न सांगावं तर जन्मभर उडवाउडवीची उत्तरं दिलेल्या माणसाचं कोण ऐकतं? सगळं दुकान हसलं. त्याला ते फार लागलं. चार दिवस त्याला जेवण गोड लागेना.

बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये ड्यूई ताट घेऊन रांगेत उभा होता आणि त्याचं तेच चाललं होतं. "या व्हर्लनची अकरा पौंडी मासोळी…"

"होती अकरा पौंडांची," बटाट्याचं सॅलड वाढता वाढता मिस वीडा म्हणाल्या. "मी स्वतः तोलली."

सगळ्या हॉलच्या माना वळल्या. मिस वीडा खोटं बोलत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"कुठल्या तळ्यात, मिस वीडा?" ड्यूईने हळूच विचारलं.

व्हर्लनने डोळे मिटले.

"तुझ्याच की, बाळा. गुरांसाठी खणलेल्या."

ड्यूईचं तळं म्हणजे नुसता चिखल आणि बेडूक. पण क्षणभरच तो गोंधळला, मग त्याची छाती फुगली. "मी म्हणत नव्हतो? मीच सोडलेत मासे त्यात!"

व्हर्लनने मिस वीडांना बाजूला गाठलं. "मिस वीडा, देवाच्या घरात खोटं?"

"देवाचं घर पलीकडे. हा जेवणाचा हॉल," त्या म्हणाल्या. "रांग अडवू नकोस."

व्हर्लनचा मासा गावाने मानला. शनिवारी निम्मा गाव ड्यूईच्या चिखलात गळ टाकून बसला आणि ड्यूई राजासारखा परवानग्या वाटत फिरला. तो फोटो त्याने मोठा करून आणला आणि व्हर्लनच्याच भिंतीवर ठोकला. खाली लिहिलं, 'क्रंप यांच्या तळ्यातली बास.' व्हर्लनला तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

परवा ड्यूई खुर्चीत बसून नव्या गिऱ्हाइकाला सांगत होता, ती मादी पिल्लू असताना आपण तिला हाताने कसं भरवलं ते. त्याच्या मानेवर व्हर्लनचा वस्तरा होता.

"खरं की नाही, व्हर्लन?"

वस्तरा थांबला. व्हर्लनने भिंतीवरच्या आपल्या मासोळीकडे डोळे भरून पाहिलं.

"खरंय, ड्यूई," तो म्हणाला. "हलू नकोस तेवढा."