मागच्या सीटवरचे कान

वस्तादांना ऐकू कमी येतं, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. मान्य नव्हतं ते फक्त वस्तादांना. "लोकच हल्ली पुटपुटतात," एवढं त्यांचं म्हणणं. जन्मभर जुन्या मोटरसायकलींचा आवाज ऐकून दुखणं सांगितलेला हा माणूस. त्यानं कान गेले म्हणायचं, म्हणजे पैलवानानं जिना चढवत नाही म्हणण्यासारखं.

पण दातांच्या डॉक्टरांची गाडी आली आणि पितळ उघडं पडलं. गाडी डॉक्टरांच्या वडिलांची, एका सिलिंडरची, अंगानं म्हशीसारखी. वस्तादांनी इंजिन पार सुटं केलं. सिलिंडर बोअर करून आणला, नवा पिस्टन घातला, व्हॉल्व घासून बसवले, कार्बोरेटरचं भोकन्‌भोक फुंकून साफ केलं. हे सगळं हातांचं काम, आणि हात अजून शाबूत होते. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

"बघा, कशी गातेय!"

डॉक्टरांनी स्वतःचीच दाढ उपटल्यासारखं तोंड केलं. "वस्ताद, खोकतेय हो ती."

डॉक्टर गेल्यावर वस्तादांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावलं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवली. थरथर कळली, तिच्यातलं बोलणं काही कळेना. घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "गॅरेज बंद करतो. ही गाडी शेवटची."

बायको बालवाडीत शिकवायची, त्यामुळे सगळ्यांची 'बाई'. "करा की," बाई म्हणाल्या. "मग दिवसभर माझ्या डब्यांना झाकणं शोधत बसा."

पण सुट्टीच्या दिवशी सकाळीच त्या गॅरेजात हजर. "चालू करा बघू."

वस्तादांनी किक मारली. बाईंनी मान तिरकी केली. "भुकेलंय."

"काय?"

"भुकेलंय! डबा खायच्या आधी पोरं अशीच किरकिरतात."

"हे इंजिन आहे, तुझ्या वर्गातलं कार्टं नाही!" वस्ताद खेकसले, पण हात आपोआप कार्बोरेटरच्या स्क्रूवर गेला होता. भुकेलं म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. किंचित फिरवला.

"आता अति झालं. जेवून सुस्तावलंय." स्क्रू जरा मागे. "हां. पण आत कुणीतरी पाटीवर पेन्सिल आपटतंय."

टॅपेट ढिले! वस्तादांनी इंजिन थंड होऊ दिलं, पातळ पट्टी सरकवून टॅपेट आणि व्हॉल्वमधली फट बेताची केली. पुन्हा किक मारली. पेन्सिल बंद.

"एवढी वर्षं मी इंजिनांबद्दल बोलायचो, तेव्हा तू लक्षच द्यायची नाहीस."

"इंजिन निदान मधे थांबतं तरी."

आता खरी परीक्षा चढाची. जागेवर गोड बोलणारी इंजिनं ओझं पडलं की रंग दाखवतात. म्हणून बाईंना मागे बसणं भाग होतं.

"पडले तर?"

"मी आहे ना!"

"म्हणून तर विचारतेय."

वाऱ्यात वस्तादांना काय ऐकू येणार? तेव्हा ठरलं असं : डावा खांदा थोपटला तर भूक, उजवा थोपटला तर अजीर्ण, दोन्ही धरले तर थांबा. पाण्याच्या टाकीच्या चढावर दोन्ही खांदे असे आवळले गेले की वस्तादांनी कचकन ब्रेक मारला.

"दात खातंय," बाई त्यांच्या कानाशी ओरडल्या. "झोपेत पोरं खातात ना, तसं."

वस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. ठिणगी घाईनं पडत होती! तिथेच रस्त्याकडेला बसून त्यांनी टायमिंग केसभर मागे घेतलं आणि पायथ्यापासून पुन्हा निघाले. समोर रस्ता होता, पण लक्ष सगळं खांद्यांवर. अर्धा चढ झाला, थाप नाही. टाकी आली तरी थाप नाही. बायको पडली की काय, या धास्तीनं त्यांनी गाडी थांबवून मागे पाहिलं. बाई जागच्या जागी होत्या, केस चारी दिशांना, चेहरा लाल.

"अगं, काही बोलली का नाहीस?"

"पोर खेळत असलं की बाईंनी मधे बोलू नये." मग त्या म्हणाल्या, "गॅरेज कधी बंद करताय?"

"तुझी बालवाडी चालू असेल तेवढा वेळ."

"बरं. पुढे चला."

परतताना गॅरेजच्या दारात डॉक्टर उभे होते. गाडी धडधडत त्यांच्या पुढ्यातून तशीच निघून गेली. "वस्ताद! अहो वस्ताद, माझी गाडी!"

वस्तादांना ऐकू आलं नाही. बाईंना स्वच्छ ऐकू आलं. पण हात त्यांनी आपल्या मांडीवरच ठेवले.