वनिताचा फोन मी कट केला

फेब्रुवारीतला दिवस. अहेरी, बस स्टँडजवळचं माझं ऑनलाइन सेंटर. एका भरतीचे फॉर्म भरायची शेवटची तारीख, सर्व्हर मेलेला, दारापर्यंत पोरापोरींची रांग... आणि अशात माझा मोबाईल वाजला. गडचिरोलीचा लँडलाइन नंबर होता.

मी कट केला. परत वाजला, परत कट केला. लोनवाले, विमावाले, प्लॉटवाले दिवसभर डोकं खातात, त्यात माझा स्वभाव मुळातच तिरसट. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा नंबर सरळ ब्लॉक केला आणि रांगेतल्या पुढच्या मुलीचं आधार कार्ड मागितलं.

इथे एक सांगायला हवं. माझा मोबाईल माझ्या एकटीचा नाही. आतल्या कितीतरी गावांत टॉवर नाही, आणि फॉर्ममधला मोबाईल नंबरचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. ओटीपीही त्याच नंबरवर येतो. मग तिकडची पोरं म्हणतात, ताई, तुमचाच टाका... आणि मी टाकते. ऐटीत टाकायचे, खरं सांगते. तालुक्याची अर्धी बेरोजगारी माझ्या सिमवर चालते, असं नवऱ्याला मोठ्या तोऱ्यात ऐकवायचे.

वनिता मडावी त्यांच्यातलीच एक. भामरागडच्या रस्त्यावर बस सोडायची आणि तिथून जंगलातून दीड तास चालायचं, असं तिचं गाव. नर्सिंगचा कोर्स केलेली घरातली पहिली मुलगी. कंत्राटी नर्सच्या भरतीत प्रतीक्षा यादीत तिचं नाव पहिलं होतं, म्हणजे वरच्यांपैकी एकजण जरी आलं नाही तर नोकरी तिची.

दर बाजाराच्या दिवशी ती यायची. स्टुलावर बसायची आणि एवढंच विचारायची, "ताई, काही आलं का?"

त्या आठवड्यातही आली. तिच्या गावच्या बाया मिरची तोडायला तेलंगणात निघून गेल्या होत्या. "मले बी बलावत होत्या," ती म्हणाली, "मी नाई गेली. म्हटलं, इकडे फोन आला तं?"

मी म्हटलं, थांब, मेल बघू. तिचा ईमेल आयडीसुद्धा मीच काढून दिलेला, पासवर्ड माझ्याच वहीत. उघडला तर चार दिवसांपूर्वीचं पत्र... आपणास तीन वेळा फोन केला, संपर्क होऊ शकला नाही, दोन दिवसांत मूळ कागदपत्रांसह हजर व्हावे, अन्यथा पुढील उमेदवारास बोलावण्यात येईल. खाली ऑफिसचा नंबर होता.

मोबाईलमधली ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी उघडून बघितली. तोच नंबर.

स्क्रीन माझ्याकडे होती. वनिता समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. काही आलं नाही म्हटलं असतं तर तिला जन्मात कळलं नसतं... आणि मी तेच म्हणणार होते. तोंडातून कसंबसं "नेट स्लो आहे" एवढं निघालं, आणि दोन-तीन मिनिटं मी उगीच माऊस फिरवत बसले.

तिने आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली. "घाम येऊन राह्यला ताई तुमाले. बरं नाई वाटत का?" म्हणत तिने माझं मनगट धरलं आणि चक्क नाडी बघायला लागली. तेव्हा मात्र मला लाज वाटली. मी स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि सगळं सांगून टाकलं.

तिच्यासमोरच ऑफिसला फोन लावला. पलीकडच्या माणसाने शांतपणे सांगितलं की पुढच्या उमेदवाराने कालच जॉइन केलं. कालच! मी भांडले, चूक माझी आहे म्हणाले, फोनवरच हातापाया पडले. पण त्याच्याही हातात काही उरलं नव्हतं.

वनिता रडली नाही. तिने त्या पत्राची प्रिंट मागितली आणि नीट घडी घालून पिशवीत ठेवली. कशाला हवी होती कोण जाणे... "मिरचीलेच जातो आता," एवढं म्हणून ती बाजाराच्या गर्दीत निघून गेली.

एप्रिलमध्ये परत आली. उन्हाने काळवंडलेली, मिरची तोडून बोटांची सालं निघालेली. दुसऱ्या एका भरतीचा फॉर्म भरायचा होता. नाव भरलं, पत्ता भरला, शिक्षण भरलं, आणि मोबाईलच्या रकान्यापाशी माझे हात थांबले.

"तुमचाच टाका," ती म्हणाली.

मला भरून आलं. म्हटलं, वनिता, एवढं होऊनही तू माझ्यावर भरवसा ठेवतेस...

"तसं नाई ताई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "गावात टॉवर नाई. दुसरा कोनाचा टाकू, तुमीच सांगा."

माफीबिफी काही नव्हती. मीच आपली मनाशी ठरवून मोकळी झाले होते. दहा आकडे एकेक करून टाइप केले आणि तीनदा तपासले.

तेव्हापासून मी एकही फोन कट करत नाही. जेवत असले तरी उचलते, दुकानात कितीही गर्दी असली तरी उचलते. नंबर अनोळखी असला की हॅलोच्या आधी "वनिता मडावीचा नंबर आहे, बोला" असं निघतं. परवा एका विमावालीने मला वनिता मॅडम, वनिता मॅडम करत सगळी पॉलिसी समजावली, आणि मी ती शेवटपर्यंत ऐकली. नवरा म्हणतो, वेड लागलंय. लागलं असेल...

वनिता अजूनही बाजाराला आली की येते, स्टुलावर बसते. पण आता काही आलं का, असं विचारत नाही. टेबलावरच्या माझ्या मोबाईलकडे थोडा वेळ बघत राहते आणि उठून जाते.