दीनानाथकाकांचा पुरावा

दीनानाथकाकांच्या नजरेतून काही सुटत नाही, असं ते स्वतःच सांगत. सगळी नोकरी केंद्र सरकारच्या दक्षता विभागात गेली. दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आमच्या नोएडाच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायला आले, पण संशय काही रिटायर झाला नाही. दूधवाला असो की कुरिअरवाला, आधी त्याच्या हातांकडे बघायचे. मला तर बाई वैताग यायचा.

यंदा गणपतीत आरतीच्या वेळी सोसायटीच्या हॉलबाहेरून चपला जायला लागल्या. पहिल्यांदा वरच्या मजल्यावरच्या कृतिकाच्या नव्याकोऱ्या गेल्या आणि एक झिजलेली तपकिरी जोडी तिथेच राहिली. ‘चोराची!’ म्हणत काकांनी ती पुरावा म्हणून पिशवीत घातली. मग रोज कोणाच्या ना कोणाच्या जातच राहिल्या. संशय अर्थात गार्ड जयदीपवर.

“वीणा, आज रंगेहाथ पकडतो त्याला. उद्यापासून दुसरा गार्ड,” काका जयदीपसमोरच मला म्हणाले.

जयदीपचं तोंड एवढंसं झालं. “साहब, नौकरी गई तो बच्चों को क्या खिलाऊँगा?”

त्या संध्याकाळी काका आरती सोडून गेटवरच्या केबिनमध्ये कॅमेऱ्याच्या स्क्रीनसमोर बसले. जयदीप हॉलच्या दाराशी. आरती संपली आणि माझ्याच चपला गायब! जयदीप तर जागचा हललाही नव्हता.

“साथीदार असणार त्याचा,” काका म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. “पुरे हो काका! रेकॉर्डिंग लावा. आणि आता जयदीपकडे नाही, चपलांकडे बघा.”

जयदीपच्या शेजारीच वासंतीकाकू दिसल्या, काकांची बायको. काकू हल्ली रोज आरतीला अनवाणी यायच्या. नवस असेल, असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. स्क्रीनवर त्यांनी एका चपलेत पाय घालून बघितला, काढला, दुसरीत घातला. शेवटी माझ्या घालून सावकाश घराकडे गेल्या. लपणं नाही, छपणं नाही. जयदीपलाही त्या त्यांच्याच चपला वाटल्या असणार.

“ही कधी आली?” काका स्क्रीनजवळ वाकले. “मी बघतच होतो की गं!”

जयदीपपुढे हात जोडून, पिशवी घेऊन ते घराकडे निघाले. मीही मागोमाग गेले.

दार उघडंच होतं. आत कृतिकाच्या, माझ्या, सगळ्यांच्या चपला पलंगाखालून काढून ओळीने मांडलेल्या, आणि काकू वाकून त्यांत काहीतरी शोधत होत्या.

“अहो, बरं झालं आलात. माझ्या चपला कुठे दिसल्या का हो?”

काकांनी पिशवीतून तपकिरी जोडी काढली आणि खाली बसून त्यांच्या पायांत घातली.

“बघ गं वीणा,” काकू खुशीत म्हणाल्या, “यांच्या नजरेतून काही सुटत नाही.”

काकांना मान वर करवेना.